परतीचे दोर : डेस्कटॉप संगणकावरील फसलेल्या अपग्रेडच्या दोषनिवारणाचा इतिहास (१९९१ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः यशस्वी टप्प्यांच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र बाजारात आले, अमुक वर्षी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, अशा नोंदींची ती मालिका असते. नवी आवृत्ती बसवताना जे यंत्र अर्ध्यावर थांबले, निळ्या पडद्यावर अडकले किंवा पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होत राहिले, त्याला या मालिकेत स्थान मिळत नाही. वास्तविक पाहता डेस्कटॉप संगणकावरील दोषनिवारणाची अनेक साधने अशा फसलेल्या प्रयत्नांच्या अनुभवातूनच घडत गेली आहेत. सेफ मोड, सिस्टीम रिस्टोअर, जुनी आवृत्ती जपून ठेवणारा फोल्डर आणि सांकेतिक क्रमांकासह येणारा त्रुटीसंदेश ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

१६७० सालच्या कोंढाण्याच्या लढाईत सूर्याजी मालुसरे यांनी परतीचे दोर कापून टाकले, अशी परंपरा महाराष्ट्रात सांगितली जाते. रणांगणावर त्या कृतीने मावळ्यांना बळ दिले. संगणकाच्या बाबतीत मात्र परतीचे दोर कापणे हाच सर्वांत मोठा अपघात ठरतो. नवी ऑपरेटिंग सिस्टीम नीट बसली नाही तर जुन्या, चालत्या स्थितीत परत येता येईल काय, हा प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) डेस्कटॉप संगणकावरील अपग्रेड कोणत्या कारणांनी फसत आले, याचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) प्रत्येक अपयशातून दोषशोधाच्या व परतीच्या कोणत्या सोयी निर्माण झाल्या, हे पाहणे.
३) या प्रक्रियेत दोषनिवारणाची जबाबदारी वापरकर्ता, यंत्र आणि उत्पादक यांच्यात कशी विभागली गेली, याची चिकित्सा करणे.

अभ्यासाची व्याप्ती मुख्यत्वे एमएस-डॉस व विंडोज या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टीमपुरती मर्यादित आहे. कार्यालये, शाळा-महाविद्यालये व घरे येथील डेस्कटॉप संगणकांवर दीर्घकाळ याच प्रणालींचे वर्चस्व राहिले, हे त्याचे कारण होय.

अपग्रेड फसते कोठे?

ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हे साधा प्रोग्रॅम बसवण्यापेक्षा वेगळे काम आहे. घरात माणसे राहत असतानाच घराचा पाया बदलावा, असा तो प्रकार आहे. डिस्कवर पुरेशी जागा लागते. छपाईयंत्र, ध्वनी, चित्रपट्टी, नेटवर्क इत्यादी भागांचे ड्रायव्हर नव्या प्रणालीशी जुळावे लागतात. वापरकर्त्याची कागदपत्रे व सेटिंग्ज जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी न्यावी लागतात. आणि शेवटी यंत्र सुरू होण्याचा क्रमच नव्या प्रणालीच्या हाती सोपवावा लागतो. या प्रवासात एक क्षण असा येतो, की जुनी प्रणाली कामातून गेलेली असते आणि नवी अद्याप उभी राहिलेली नसते. वीज जाणे, ड्रायव्हर अडणे किंवा एखादी फाइल न मिळणे अशी घटना याच क्षणी घडली, तर यंत्र दोन्ही काठांपासून तुटते.

बदल आणि दोष यांचे नाते डेस्कटॉप संगणकाच्या आधीच अभ्यासकांच्या लक्षात आले होते. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकमालिकेची ऑपरेटिंग सिस्टीम घडवण्याच्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'द मिथिकल मॅन-मन्थ' या ग्रंथात, एक दोष दुरुस्त करताना दुसरा दोष शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते, असे नमूद केले. मोठ्या संगणकांच्या काळात हा धोका सांभाळण्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी असत. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि त्यानंतरच्या दशकात हे काम टेबलाशी बसलेल्या सामान्य वापरकर्त्याकडे आले. धोका तोच राहिला. तो पेलणारा माणूस बदलला.

डॉसचा काळ : फ्लॉपीवरील परतीची वाट

जून १९९१ मध्ये एमएस-डॉसची ५.० ही आवृत्ती आली. संगणकाबरोबर मिळणारी प्रणाली वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने दुकानातून थेट विकलेले हे पहिले मोठे अपग्रेड होते. त्यामुळे ते फसल्यास काय, या प्रश्नाचे उत्तर कंपनीला आधीच द्यावे लागले. या आवृत्तीचा सेटअप प्रोग्रॅम वापरकर्त्याकडे कोरी फ्लॉपी मागून तिच्यावर 'अनइन्स्टॉल' तबकडी तयार करीत असे, आणि जुन्या डॉसच्या फाइली हार्ड डिस्कवर 'ओल्ड_डॉस.१' या नावाच्या डिरेक्टरीत ठेवीत असे. अपग्रेड बिघडल्यास ती फ्लॉपी लावून यंत्र सुरू करायचे, की जुने डॉस परत येई. समाधान झाल्यावर 'डेलओल्डॉस' ही आज्ञा देऊन जुन्या फाइली पुसता येत. ही आज्ञा दिली किंवा डिस्कची नव्याने विभागणी केली, की परतीची वाट बंद होत असे. पुढील काळात विंडोजमध्ये दिसणाऱ्या 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरचे मूळ रूप येथे स्पष्टपणे आढळते.

मार्च १९९३ मधील एमएस-डॉस ६.० ने या शिस्तीला छेद दिला. या आवृत्तीत डिस्कवरील माहिती आक्रसून जागा वाढवणारी 'डबलस्पेस' ही सोय होती. हार्ड डिस्क महाग असण्याच्या त्या काळात तिचे आकर्षण मोठे होते. परंतु माहिती नष्ट झाल्याच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या. तक्रारींहून महत्त्वाची बाब अशी, की एकदा आक्रसलेली डिस्क पूर्ववत करण्याची आज्ञाच ६.० मध्ये नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ६.२ या आवृत्तीत डिस्क तपासणारा 'स्कॅनडिस्क', स्मृतीतील बिघाडापासून डबलस्पेसच्या माहितीचे रक्षण करणारा 'डबलगार्ड' आणि डिस्क पूर्ववत करण्याची सोय, असे तिन्ही उपाय देण्यात आले. परतीचा मार्ग मूळ रचनेत धरलेला नसेल, तर तो मागाहून घाईने बांधावा लागतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

याच डॉस ६ ने दोषशोधाच्या पद्धतीतही एक मोलाची भर घातली. यंत्र सुरू होताना एफ५ कळ दाबल्यास आरंभीच्या दोन्ही सूचना-फाइली वगळल्या जात, तर एफ८ दाबल्यास 'कॉन्फिग' फाइलमधील प्रत्येक ओळ चालवण्यापूर्वी वापरकर्त्याला विचारले जाई. ज्या ओळीनंतर यंत्र थांबले, ती ओळ संशयित. एका वेळी एकच घटक बदलून परिणाम पाहण्याची प्रयोगशाळेतील रीत यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली.

विंडोज ९५ : अपयशाची नोंद ठेवणारे यंत्र

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रसिद्ध झाले. त्याचे अपग्रेड सीडीवर, तसेच १३ फ्लॉपींच्या संचावर मिळत असे. जोडलेले भाग आपोआप ओळखण्याची क्षमता हे या प्रणालीचे वैशिष्ट्य होते आणि अपग्रेड फसण्याची मोठी शक्यताही तेथेच होती. जुने भाग स्वतःची ओळख सांगू शकत नसत. त्यामुळे सेटअप प्रोग्रॅमला निरनिराळ्या पत्त्यांवर चाचपणी करावी लागे, आणि चुकीच्या पत्त्यावर चाचपणी झाली की संपूर्ण यंत्र गोठत असे.

यावर योजलेला उपाय उल्लेखनीय आहे. प्रत्येक धोक्याच्या चाचपणीपूर्वी सेटअप प्रोग्रॅम आपण आता काय करणार आहोत, याची नोंद 'डेटक्रॅश' नावाच्या फाइलमध्ये करी. चाचपणी सुखरूप पार पडून ओळखीचे काम संपले, की ही फाइल पुसली जाई. यंत्र गोठल्यास ते पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावे आणि सेटअप परत चालवून 'सेफ रिकव्हरी' हा पर्याय निवडावा, अशी सूचना होती. मग सेटअप डेटक्रॅश फाइल वाचून, ज्या चाचपणीत मागील वेळी यंत्र गोठले तीच वगळून पुढे जाई. कळफलकावरून यंत्र पुन्हा सुरू न करता वीजच बंद करावी, या सूचनेमागेही कारण होते. अडकलेला भाग पूर्वस्थितीत येण्यासाठी त्याचा वीजपुरवठा तुटणे आवश्यक असे. माणसांसाठी याच नोंदींची वाचनीय प्रत 'डेटलॉग' या फाइलमध्ये, तर संपूर्ण प्रक्रियेचा वृत्तान्त 'सेटअपलॉग' मध्ये राहत असे.

इतिहासाच्या दृष्टीने याचे महत्त्व असे, की येथे यंत्राने प्रथमच आपल्या अपयशाचा पुरावा पद्धतशीरपणे मागे ठेवला आणि त्या पुराव्यावरून पुढचे पाऊल स्वतःच ठरवले. मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणारा 'सेफ मोड' याच प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचला. विंडोज एनटीच्या शाखेत 'शेवटची ज्ञात सुस्थिती' परत आणण्याची सोय होती. सप्टेंबर २००० मधील विंडोज एमई मध्ये 'सिस्टीम रिस्टोअर' आले. त्याची मर्यादा मात्र अनेकांना उशिरा कळली. ते प्रणालीच्या फाइली व सेटिंग्ज मागे नेत असे. वापरकर्त्याच्या पुसल्या गेलेल्या कागदपत्रांशी त्याचा संबंध नव्हता.

विंडोज एक्सपीचे दशक : दोष नक्की कोणाचा?

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती व कार्यालयीन अशा दोन्ही शाखा एकत्र आणल्या. विंडोज ९८ किंवा एमई वरून एक्सपीवर गेलेल्या वापरकर्त्याला परत फिरता येत असे. तथापि डिस्कची रचना एनटीएफएस पद्धतीत बदलली, की ही सोय संपुष्टात येई. येथे दोर कापण्याचे काम वापरकर्त्याच्याच हातून, बहुधा नकळत, होत असे.

या दशकातील दोन घटना दोषनिवारणाच्या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. पहिली घटना मे २००८ मधील सर्व्हिस पॅक ३ ची. तो बसवल्यानंतर एएमडी प्रोसेसर असलेले काही संगणक सुरू होताच कोसळून पुन्हा सुरू होत राहिले. सर्व्हिस पॅकमध्येच दोष असावा, असे वरवर पाहता वाटत होते. प्रत्यक्षात काही उत्पादकांनी इंटेल प्रोसेसरच्या यंत्रावर तयार केलेली प्रणालीची प्रत जशीच्या तशी एएमडी यंत्रांवर उतरवली होती. तिच्याबरोबर इंटेल प्रोसेसरसाठीचा एक ड्रायव्हरही आला आणि तो सर्व्हिस पॅकनंतर चालू होताच यंत्र कोसळू लागले. सेफ मोडमध्ये हा ड्रायव्हर चालत नसल्याने यंत्र सुरू होई. तेथे तो निष्क्रिय केला, की प्रश्न सुटत असे. उपाय काही मिनिटांचा होता, पण तो सापडण्यासाठी सेफ मोडमध्ये चालते आणि एरवी चालत नाही, या फरकाचा अर्थ लावणे आवश्यक होते.

दुसरी घटना फेब्रुवारी २०१० मधील आहे. ९ फेब्रुवारी रोजी मायक्रोसॉफ्टने प्रणालीच्या गाभ्यातील त्रुटीसाठी 'एमएस१०-०१५' ही सुरक्षा-दुरुस्ती दिली. ती बसवल्यावर काही एक्सपी संगणक निळ्या पडद्याच्या पुढे जाईनात. दोनच दिवसांत कंपनीने तिचे स्वयंचलित वितरण थांबवले. तपासाअंती असे आढळले, की बाधित संगणकांमध्ये 'अल्युरिऑन' नावाचा लपून राहणारा घातक प्रोग्रॅम आधीपासूनच शिरलेला होता. तो गाभ्यातील ठरावीक पत्ते गृहीत धरून काम करी. दुरुस्तीने ते पत्ते बदलले आणि यंत्र कोसळले. मार्चच्या आरंभी, यंत्रात असा बिघाड नाही ना, हे आधी तपासून मगच दुरुस्ती बसवण्याची व्यवस्था करण्यात आली. अपग्रेडनंतर दिसणारा दोष अपग्रेडमुळेच निर्माण झाला असे मानणे हा उतावळा निष्कर्ष ठरू शकतो, हे या दोन्ही घटनांवरून दिसून येते. काळाचा क्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, ही इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेली सावधगिरी येथेही तितकीच लागू पडते.

महाराष्ट्रातील संदर्भ

याच काळात महाराष्ट्रातील कार्यालये व महाविद्यालये येथे दोषनिवारणाची एक देशी रीत रूढ झाली. संगणक अडला, की तंत्रज्ञास बोलवावे आणि त्याने 'फॉरमॅट मारून' विंडोज पुन्हा टाकावे, अशी ती रीत होय. तिला पूरक म्हणून डिस्कचे सी व डी असे भाग करून कामाच्या फाइली डी भागात ठेवण्याची सवय लागली. प्रणाली एका भागात आणि माहिती दुसऱ्या भागात, असा हा विवेक होता. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही भाग एकदम जात. तरीही अनेक फसलेल्या अपग्रेडमधून गुणपत्रके व वेतनपत्रके वाचली ती या सवयीमुळे, हे मान्य करावे लागेल.

मराठी मजकुराबाबत मात्र ही रीत अपुरी पडत असे. तत्कालीन बहुतेक मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होता. फॉरमॅटनंतर तो फॉन्ट पुन्हा बसवला नाही, तर फाइल सुखरूप असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून मिळू लागली होती. परंतु एक्सपीमध्येही प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन संयुक्त लिपींचा पर्याय निवडावा लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी लागत असे. विंडोज व्हिस्टापासून ही अट राहिली नाही. यंत्र सुरू झाले म्हणजे अपग्रेड यशस्वी झाले, ही समजूत मराठी वापरकर्त्यापुरती तरी अपुरी होती. आपली लिपी पडद्यावर परत येईपर्यंत त्याचे काम पूर्ण झालेले नसे.

बासष्ट टक्क्यांवरील थांबा

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ प्रसिद्ध झाले. व्हिस्टावरून अपग्रेड करणाऱ्या काही वापरकर्त्यांच्या यंत्रावर फाइली व सेटिंग्ज स्थलांतरित होताना प्रक्रिया ६२ टक्क्यांवर येऊन तासन्‌तास थांबू लागली. पडद्यावर त्रुटीसंदेश नव्हता, यंत्र कोसळलेही नव्हते. ते केवळ थांबले होते. अशा अवस्थेत वाट पाहावी की वीज बंद करावी, हा वापरकर्त्यापुढील खरा पेच होता.

या दोषाची उकल सेटअपच्या नोंदवहीतून झाली. 'सेटअपअ‍ॅक्ट' या फाइलमधील अखेरच्या ओळी पाहता 'आयपी हेल्पर' या नेटवर्कविषयक सेवेच्या सेटिंग्ज स्थलांतरित करणारा एक लहान घटक प्रतिसाद देत नसल्याचे आढळले. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय तीन पायऱ्यांचा होता. प्रथम यंत्र पुन्हा सुरू करून सेटअपला जुन्या व्हिस्टावर परत येऊ द्यायचे; नंतर प्रणालीच्या गुणधर्मांमध्ये एक नवे चल निर्माण करून त्यात तो घटक वगळण्याची सूचना लिहायची; आणि मग अपग्रेड पुन्हा चालवायचे.

ही घटना या इतिहासातील एक मध्यबिंदू मानता येईल. यंत्र न कोसळता आपल्या पूर्वस्थितीत परत येऊ शकले, म्हणूनच दुसरा प्रयत्न शक्य झाला. नोंदवही उपलब्ध होती, म्हणूनच कारण सापडले. तसेच दोषी घटक वगळण्याची तरतूद सेटअपच्या रचनेत होती, म्हणूनच संपूर्ण प्रणाली पुसण्याची वेळ आली नाही. परतीची वाट, वाचता येणारा पुरावा आणि एक घटक वेगळा काढण्याची मुभा या तीन गोष्टी एकत्र आल्या, की दोषनिवारण शक्य होते. यांपैकी एखादी नसेल, तर उरतो तो फॉरमॅटचा मार्ग.

विंडोज १० : सांकेतिक क्रमांक आणि संमतीचा प्रश्न

२९ जुलै २०१५ रोजी आलेले विंडोज १० पहिले वर्षभर पात्र वापरकर्त्यांना मोफत अपग्रेड म्हणून देण्यात आले. आरंभी काही यंत्रांवर 'काहीतरी घडले' एवढाच अर्थ असलेला संदेश दिसे आणि तो त्या काळी उपहासाचा विषय झाला. परंतु या संदेशांच्या मागे बरीच काटेकोर रचना उभी होती. अपग्रेडचे चार टप्पे करण्यात आले होते : जुन्या प्रणालीतील पूर्वतयारी, सुरक्षित लघुप्रणालीतील काम, नव्या प्रणालीचा पहिला आरंभ आणि दुसरा आरंभ. अपयशानंतर मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे दोन भाग असत. पहिला भाग अपयशाचा प्रकार सांगे. उदाहरणार्थ 'सी१९००१०१' हा क्रमांक बहुधा ड्रायव्हरमुळे झालेल्या माघारीचा निदर्शक असे. दुसऱ्या भागातील '२००१७' सारख्या पाच अंकांपैकी पहिला अंक कोणत्या टप्प्यावर काम थांबले ते दाखवी, तर अखेरचे अंक त्या टप्प्यातील कृती. अनावश्यक जोडणी काढणे, अन्य कंपनीचा अँटिव्हायरस तात्पुरता हटवणे, डिस्कवर जागा करणे आणि ड्रायव्हर अद्ययावत करणे हे उपाय या क्रमांकांच्या आधारे सुचवले जात. २०१८ साली नोंदवह्या वाचून कारण सांगणारे 'सेटअपडायग' हे साधनही उपलब्ध झाले.

अपग्रेडनंतर जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये राही आणि ३० दिवसांपर्यंत परत जाता येई. ऑगस्ट २०१६ मधील आवृत्तीपासून ही मुदत १० दिवसांवर आणण्यात आली. त्याच वर्षी संमतीचा प्रश्नही ऐरणीवर आला. अपग्रेडची सूचना देणाऱ्या खिडकीतील बंद करण्याच्या फुलीवर टिचकी मारली, तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नसे. टीकेनंतर ही रचना बदलण्यात आली. न मागितलेल्या अपग्रेडमुळे व्यवसायाचे नुकसान झाल्याची तक्रार करणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका लहान व्यावसायिकास १०,००० डॉलरची भरपाई न्यायालयाने दिली आणि कंपनीने त्याविरुद्धचे अपील मागे घेतले. अपग्रेड फसण्याची जबाबदारी तांत्रिकतेच्या पलीकडे जाऊन कायदेशीर होऊ शकते, हे यातून पुढे आले.

ऑक्टोबर २०१८ मधील '१८०९' ही आवृत्ती या काळातील सर्वांत बोलकी घटना होय. २ ऑक्टोबरला ती उपलब्ध झाली आणि ६ ऑक्टोबरला थांबवण्यात आली, कारण काही वापरकर्त्यांची कागदपत्रे पुसली गेली होती. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स' सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, त्यांचे मूळ ठिकाणचे फोल्डर रिकामे असावेत असे गृहीत धरून नव्या आवृत्तीने ते काढून टाकले. काहींच्या त्या फोल्डरमध्ये फाइली होत्या. असा प्रकार कळवणाऱ्या वापरकर्त्यांचे प्रमाण एक टक्क्याचा शंभरावा भाग इतके असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. तसेच चाचणीच्या काळातच अशा तक्रारी काहींनी नोंदवल्या होत्या, पण त्या गर्दीत दुर्लक्षित राहिल्या. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा देण्यात आली. येथे तांत्रिक अर्थाने अपग्रेड यशस्वी झाले होते; यंत्र सुरू होत होते आणि जुन्या आवृत्तीवर परतही जाता येत होते. परत येत नव्हती ती माणसाची कागदपत्रे. डी भागात फाइली हलवणारा महाराष्ट्रातील जागरूक वापरकर्ता फोल्डर वळवण्याची हीच रीत पाळत आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य अधिक जाणवते.

२०२४ : जुन्या रीतीचे पुनरागमन

१९ जुलै २०२४ ची घटना ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपग्रेडची नसली, तरी याच इतिहासाशी जोडलेली आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमला पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. सुमारे ७८ मिनिटांत फाइल मागे घेण्यात आली. परंतु जी यंत्रे कोसळली होती ती सुरूच होत नसल्याने, दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

अनेक यंत्रांवर उपाय शेवटी हातानेच करावा लागला. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे, ठरावीक फोल्डरमध्ये जायचे, सदोष फाइल पुसायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. डिस्क कुलूपबंद असेल, तर तिची दीर्घ अंकी किल्ली आधी शोधावी लागे. १९९३ सालच्या वापरकर्त्याने एफ८ दाबून जे केले असते, तेच २०२४ मध्ये जगभरातील तंत्रज्ञ एकेका यंत्रापुढे बसून करीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने, सुरू न होणाऱ्या यंत्रालाही दुरून दुरुस्ती पोहोचवण्याची योजना घोषित केली. तीस वर्षांच्या प्रगतीनंतरही परतीच्या वाटेचे काम पूर्ण झालेले नव्हते, याची ती कबुलीच म्हणता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अपग्रेडची खरी कसोटी यशाच्या वेळी लागत नाही, ती अपयशाच्या वेळी लागते. डॉस ५ मधील अनइन्स्टॉल फ्लॉपीपासून विंडोज.ओल्डपर्यंत परतीची सोय ज्या ज्या ठिकाणी आधीच योजली होती, तेथे बिघाड आटोक्यात राहिला. डबलस्पेसप्रमाणे जेथे ती नव्हती, तेथे ती नुकसानीनंतर द्यावी लागली.

२) दोषशोधाचे मूळ सूत्र या काळात बदललेले नाही. पुरावा जपणे, एका वेळी एकच घटक वेगळा करणे आणि क्रमाला कारण न समजणे, ही ती सूत्रे होत. बदलली ती साधने.

३) यंत्राची पूर्वस्थिती आणि माणसाच्या माहितीची पूर्वस्थिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिस्टीम रिस्टोअर व २०१८ ची घटना या दोहोंवरून, पहिलीची हमी म्हणजे दुसरीची हमी नव्हे, हे स्पष्ट होते. स्वतंत्र ठिकाणी ठेवलेल्या बॅकअपला त्यामुळेच पर्याय उरत नाही.

४) दोषनिवारणाचे ज्ञान वापरकर्त्याकडून क्रमाने उत्पादकाकडे सरकले आहे. ओळीमागून ओळ तपासणाऱ्या वापरकर्त्याच्या जागी, सांकेतिक क्रमांक वाचून पुढील सूचनेची वाट पाहणारा वापरकर्ता आला. त्याचे श्रम कमी झाले, तसाच त्याचा अधिकारही कमी झाला. निर्णय उत्पादकाचा आणि नुकसान वापरकर्त्याचे, अशी विभागणी झाल्यास संमती व भरपाई यांचे प्रश्न अटळपणे उभे राहतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा समाप्त झाली. त्यामुळे शैक्षणिक संस्थांमधील असंख्य डेस्कटॉप संगणकांपुढे पुन्हा एकदा अपग्रेडचा प्रश्न आला. निकालपत्रे, प्रवेशनोंदी, ग्रंथालयाच्या याद्या व संशोधनाची टिपणे ज्या यंत्रांवर आहेत, ती अपग्रेड करण्यापूर्वी बॅकअप घेणे, डिस्कची किल्ली व आवश्यक फॉन्ट जवळ ठेवणे, एका यंत्रावर आधी प्रयोग करणे आणि अपयश आल्यास फॉरमॅटचा निर्णय घेण्यापूर्वी त्रुटीचा क्रमांक लिहून ठेवणे, एवढी पथ्ये या इतिहासातून निश्चितपणे घेता येतात. यंत्र पुन्हा विकत घेता येते. त्यावरील एकमेव प्रतीचे तसे नसते.